कंडक्टरांचे मास्तर निवांतराव

माझ्या धाकट्या भावाला घरात कुणी खऱ्या नावानं हाक मारत नाही. तो निवांतराव. हे नाव आईनं ठेवलं, तो तीन वर्षांचा असताना. त्याच्या वयाची पोरं तेव्हा रस्त्यावर धावत होती, आणि हा नुकता उभा राहायला शिकला होता. उभा राहून तो चहूकडे असं बघत होता, जसा काही गाव विकत घ्यायला आलाय. "काय निवांतराव, पसंत पडलं का?" आई म्हणाली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

डॉक्टरांच्या कागदावर त्याच्याबद्दल एक लांबलचक शब्द आहे. मी तो कधी पाठ केला नाही. तो स्वतःबद्दल सांगतो ते त्याहून नेमकं आहे: "मला समजतं. वेळ लागतो." आज तो सेहेचाळीस वर्षांचा आहे. आई गेल्यापासून माझ्याकडेच राहतो. मी गणवेश शिवते. शाळेचे, दवाखान्यातल्या नर्सचे, बस डेपोतल्या माणसांचे. घराची पुढची खोली हेच दुकान. संध्याकाळी निवांतराव शर्टांना बटणं लावतो आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मी शंभर शर्ट शिवले तर दहा उसवावे लागतात, त्याचं एक बटण कधी वाकडं गेलेलं मला आठवत नाही.

माझा स्वभाव विचाराल तर राग नाकावर आणि जिभेला हाड नाही. निवांतराव बोलायला तोंड उघडतो, पहिल्या शब्दानंतर थांबतो आणि वर बघतो, उत्तर छताला टांगलेलं असल्यासारखं. तेवढ्या वेळात मी त्याच्या वतीनं उत्तर देऊन, आभार मानून, पिशवी उचलून वाण्याच्या दुकानाच्या पायरीवर आलेली असते. चाळीस वर्षं हे असंच. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "कोणता कान दुखतोय?" मी ठणकावून सांगितलं, उजवा. डॉक्टरांनी उजव्यात थेंब घातले. निवांतरावानं मुकाट्यानं घालून घेतले, घरी आला, पिशवीतून बाटली काढली आणि डावा कान माझ्यापुढे केला. मी त्याच्यावरच खेकसले, "मग तिथे बोलला का नाहीस?"

आता अकरा वर्षांपूर्वीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घरापासून पाचव्या स्टॉपवर एक केंद्र आहे. तिथे निवांतरावासारखी माणसं दिवसभर जमतात, कामं करतात, शिकतात. तेव्हा तो एकटा बसनं जायचा. एके दिवशी नवा कंडक्टर होता. त्यानं विचारलं, "कुठे?" निवांतरावानं वर बघितलं. कंडक्टरनं पुन्हा विचारलं. मागून लोक ओरडायला लागले. "आधी ठरवा आणि मग बसमध्ये चढा," म्हणून त्यानं त्याला पुढच्या स्टॉपवर उतरवलं. चुकलास तर जागचा हलू नकोस, असं आईनं शिकवलेलं, म्हणून हा तिथेच बाकावर बसून राहिला. मी संध्याकाळी शोधत शोधत पोहोचले तेव्हा सकाळचा डबा मांडीवर तसाच होता. त्या दिवसापासून मी त्याला एकटं बसमध्ये चढू दिलं नाही. रोज पोहोचवायचं, रोज आणायचं. कंडक्टरनं तोंड उघडायच्या आत मी सांगायची, "दोन. केंद्र." निवांतरावानं कधी तक्रार केली नाही. मला वाटलं, विषय मिटला.

दोन वर्षांपूर्वी केंद्रातल्या बाईंच्या डोक्यात एक कल्पना आली. ह्या बाई म्हणजे गळ्यात चष्मा अडकवून घरभर चष्मा शोधणाऱ्यांपैकी, पण डोकं लख्ख. त्या म्हणाल्या, "आपल्या माणसांशी कसं वागायचं हे आपण बाहेरच्यांना सांगतो, आणि आपली माणसं मागे बसून टाळ्या वाजवतात. आता उलट करू. शिकवतील ही. टाळ्या आपण वाजवू." शिकवायचं म्हणजे काय, तर दवाखान्यात, वाचनालयात, कचेरीत जायचं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगायचं की आमच्याशी बोलावं कसं, फॉर्म सोपा करावा कसा, प्रश्न कुणाला विचारावा.

मास्तर म्हणून दोघं निवडली. एक निवांतराव. दुसरी रेडिओ. ही अठ्ठावीस वर्षांची मुलगी, केंद्रातलीच. सकाळी सुरू झाली की निजेपर्यंत बंद होत नाही. तिला पुस्तक वाचता येत नाही, पण घड्याळ आणि माणूस ती अचूक वाचते. घरच्या एका माणसाला सोबत यायची परवानगी होती, एकाच अटीवर: मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. बाईंनी ही अट सगळ्यांना सांगितली, पण बघत माझ्याकडे होत्या. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे जगजाहीर. मी त्यावर शिंप्याचा तोडगा काढला. मागच्या खुर्चीवर शिवण घेऊन बसायचं आणि चार टाचण्या ओठात धरायच्या. टाचण्या ओठात असताना बाईमाणूस भांडूसुद्धा शकत नाही, पाहा करून.

वाचनालय झालं, दवाखाना झाला, मी एक शब्द बोलले नाही. मग एका संध्याकाळी बटणं लावता लावता निवांतराव म्हणाला, "ताई, मला..."

"पाणी हवंय?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"दोरा संपला? डोकं दुखतंय?"

आमचे हे पोस्टात आहेत, दिवसभर टपाल वाटून आल्यावर पाय वर करून पेपर वाचतात. त्यांनी पेपर खाली केला. "अगं, त्याला बोलू दे की. पत्र फोडायच्या आधी उत्तर काय लिहितेस?"

मी गप्प बसले, फणकाऱ्यानं. निवांतरावानं सुई नीट खोचून ठेवली. मग म्हणाला, "बस डेपोत... शिकवायचंय मला. कंडक्टरांना." पुन्हा थांबला. "ते शिकले की... मी एकटा जाणार. बसनं."

अकरा वर्षं हा माणूस ते मनात धरून बसला होता आणि रोज मी त्याच्या शेजारच्याच सीटवर होते.

बाईंनी डेपोला पत्र लिहिलं. मॅनेजर तयार झाले, पण हात राखून. एक वर्ग, वीस कंडक्टर, दोन तास. जमलं तर डेपोतल्या दोनशे माणसांना शिकवायचं. नाही जमलं तर चहा घ्यायचा आणि नमस्कार करायचा. निवांतरावानं त्या दिवसासाठी स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री केला, दोनदा.

डेपोतली विश्रांतीची खोली म्हणजे लांब बाकं, पत्र्याची कपाटं, एक किटली, आणि डिझेल अन् मोज्यांचा मिळून एक वास. भिंतीवर लाल अक्षरात रंगवलेलं: अति घाई, संकटात नेई. पाळी संपवून आलेले कंडक्टर डोळे चोळत बसले होते. पुढच्या बाकावर एक मिशीवाले होते, तीस वर्षं नोकरी झालेले. त्यांनी हाताची घडी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "तिकीट फाडायला आता हे शिकवणार?"

रेडिओ उभी राहिली. "शिकवणार तर! ऐका. एकेकानं पुढे यायचं. सरांना विचारायचं, कुठे जायचंय. मग गप्प बसायचं, सर उत्तर देईपर्यंत. जो आधी बोलेल तो बाद. घड्याळ माझ्याकडे. लोकांना गप्प बसा म्हटलं तरी बोलतात हो, मला तर बाई नवलच वाटतं."

पहिला आला. "कुठे जायचंय?" निवांतरावानं वर बघितलं. "कुठे हो?" पहिला म्हणाला. "बाद!" रेडिओ ओरडली. "चार सेकंद!" दुसरा सहा सेकंद टिकला आणि म्हणाला, "बाजार का?" तिसऱ्याला हसूच आवरेना. चौथ्यानं तोंड दाबून धरलं आणि हातानं खुणा करायला लागला, तर रेडिओनं त्यालाही बाद केलं, म्हणाली, हात पण बोलतात. पाच मिनिटांत सगळे जागे झाले. जो तो दुसऱ्याला ढकलत होता, तू जा, तू जा. मी टाचण्या ओठात धरून मनातल्या मनात शिट्ट्या वाजवत होते.

मग मिशीवाले उठले. टोपी सारखी केली. "कुठे जायचंय?" आणि एखाद्या खांबासारखे उभे राहिले. दहा सेकंद झाले. पंधरा झाले. खोलीत फक्त किटलीचा आवाज. मॅनेजरांनी घड्याळ बघितलं आणि वाकून बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. ते मी पाहिलं आणि माझा धीर सुटला. निवांतरावाचा चेहरा मला त्या बाकावरच्या संध्याकाळसारखा दिसायला लागला. अडकला, मला वाटलं. आता हा खरंच अडकला, आता चहा आणि नमस्कार, आणि हा पुन्हा कधी बसचं नाव काढणार नाही.

"केंद्रावर!" मी ओरडले. टाचण्या उडाल्या. "केंद्रावर जायचंय त्याला!"

चारी टाचण्या फरशीवर पडलेल्या ऐकू आल्या. "ताई बाद," रेडिओ म्हणाली. "तेवीस सेकंद."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. ज्या माणसासाठी हा खटाटोप, त्याच्या वर्गात मीच माती कालवली. बाईंना नेमका तेव्हाच चष्मा सापडला आणि त्या तो लावून माझ्याकडे बघत होत्या. मॅनेजर वही मिटत होते.

निवांतराव सावकाश वळला. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही... माझी बहीण. माझ्यासाठी... जीव टाकते." पुन्हा थांबला. "पण थांबत नाही."

खोली अशी फुटली हसण्यानं की किटली ऐकू येईना. मिशीवाल्यांनी मांडीवर थाप मारली, "अहो, आमच्या घरी पण अशीच आहे!" मलासुद्धा हसू आलं, डोळ्यांत पाणी असताना. निवांतराव हसला नाही. सगळे शांत होईपर्यंत तो उभा राहिला. त्याला थांबायची सवय होतीच.

"ती घाबरली... की बोलते. तुम्ही पण. मागून लोक ओरडतात. तुम्ही घाबरता."

हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नसावं. वीस कंडक्टरांना लोक उद्धट म्हणत आले होते, घाबरट कुणी म्हटलं नव्हतं, आणि एकालाही राग आला नाही. मग त्यानं अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. मी ती गोष्ट शंभर जणांना सांगितलेली आहे, माझा भाऊ हरवला तो दिवस म्हणून. त्याच्या तोंडून मी ती पहिल्यांदा ऐकत होते. "मी हरवलो नव्हतो," तो म्हणाला. "कुठे जायचं... माहीत होतं. शब्द येत होता. तो यायच्या आत... मला उतरवलं."

मी खाली वाकून टाचण्या गोळा करायला लागले, कारण वर बघवेना.

मिशीवाल्यांनी हात वर केला. आता त्यांचा सूर वेगळा होता. "सर, पटलं. पण बस गच्च भरलेली असते. वेळ पाळायची असते. मी बस किती थांबवू?"

निवांतरावानं वर बघितलं. या वेळी एकही जण बोलला नाही, मॅनेजरसुद्धा नाही.

"बस थांबवू नका," तो म्हणाला. "घंटी द्या. बस जाऊ द्या. तुम्ही थांबा. पुढच्या स्टॉपच्या आत... मी सांगतो." आणि मग भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे बोट केलं. "हे तर... तुम्हीच लिहिलंय."

मिशीवाल्यांनी टोपी काढली. "पुन्हा एकदा विचारू का, सर?" त्यांनी विचारलं, आणि एक्केचाळीस सेकंद डोळ्याची पापणी न हलवता थांबले. अखेर निवांतराव म्हणाला, "कुठेच नाही. वर्ग... संपला नाही अजून."

मॅनेजरांनी दोनशेच्या दोनशे माणसांसाठी दहा वर्ग ठरवले. जाताना माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी. तर म्हणाले, "ताई, प्रत्येक वर्गाला तुम्ही हव्यात. तेवीस सेकंदांनी ओरडायचं. त्याशिवाय हा धडा डोक्यात शिरत नाही."

म्हणजे पाहा, ज्या दुर्गुणापायी आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्याचीच मला नेमणूक मिळाली. घरी हे म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." मी म्हटलं, पाषाण तर पाषाण, पण सरकारमान्य. दर आठवड्याला आम्ही डेपोत जात होतो. निवांतराव वर बघायचा, मी टाचण्या उडवून ओरडायची, लोक हसायचे, आणि मग तो बोलायला लागायचा. पहिले पाच वर्ग मला काही नाटक करावंच लागलं नाही, जीभ आपोआप सुटायची.

सातव्या वर्गात भलतंच झालं. कंडक्टरनं विचारलं, निवांतरावानं वर बघितलं, आणि मी त्याच्याकडे बघत बसले. तो विचार करतो तेव्हा उजव्या हाताची बोटं हलकेच फिरवतो, न दिसणारं बटण लावत असल्यासारखी. सेहेचाळीस वर्षांत हे मी पाहिलं नव्हतं, कारण तोवर मी कधीच बोलून मोकळी झालेली असायची. शब्द जवळ आला की बोटं थांबतात. ती थांबायची मी वाट बघत होते.

"ताई!" रेडिओ कंबरेवर हात ठेवून ओरडली. "तीस झाले! बोला की! तुमचंच काम तुम्हाला आठवत नाही होय?"

मग मला ओरडायचं नाटक शिकावं लागलं. घरातही फरक पडला. आमच्या ह्यांना पंचवीस वर्षांत पहिल्यांदा वाक्यं पूर्ण करायला मिळायला लागली. आठवडाभरानं म्हणाले, "बोलून बघितलं. मला फारसं काही सांगायचं नव्हतं गं."

दहावा वर्ग संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी निवांतराव माझ्या आधी उठून तयार होता. मी चपला घातल्या तर कोपऱ्यापर्यंत येऊ दिलं, तिथे म्हणाला, "इथपर्यंत." मी कोपऱ्यावरच्या खांबाला धरून उभी राहिले. बस आली. तो चढला. दारातच एक तरुण कंडक्टर मुलगी होती, आमच्या पाचव्या वर्गाला बसलेली. तिनं विचारलेलं मला दिसलं. त्यानं वर बघितलेलं दिसलं. मागून कुणीतरी कुरकुरलं असणार, तिनं नुसता हात वर केला, घंटी दिली आणि बस हलली. ती त्याच्यापुढे तिकिटाचं यंत्र धरून तशीच उभी होती, कसलीही घाई नसल्यासारखी. बस वळणावर दिसेनाशी झाली. उत्तर मला ऐकू आलं नाही. ऐकायचं काय त्यात? केंद्र. दुसरं कुठे जाणार तो? मी घरी आले आणि मशीनवर बसून चक्क गाणं म्हटलं.

अकरा वाजता बाईंचा फोन. "निवांतराव आज येणार नाहीत का हो? रेडिओ एकटीच आहे, तिनं आमचे कान खाल्ले."

मशीन तसंच टाकून स्टॉपवर धावले. डेपोला फोन लावला तर तो मिशीवाल्यांनी उचलला. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "ताई, दोनशे माणसं शिकवलीत ना? मग आता आमच्यावर सोडा." कसं सोडणार? एक बस आली, दुसरी आली. आधी मी घाबरले, मग भयंकर चिडले. काय काय बोलायचं ते सगळं मनात ओळीनं लावून ठेवलं. असं पुन्हा केलंस तर तंगडं मोडीन, इथपासून सुरुवात होती.

तिसऱ्या बसमधून निवांतराव उतरला. केस विस्कटलेले, नाक उन्हानं लाल, आणि तोंडभर हसू. कंडक्टर दारातून त्याला "येतो सर" म्हणाला. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं तयार होतं. त्यातलं मी फक्त एकच विचारलं.

"कुठे गेला होतास?"

आणि स्टॉपच्या बाकावर बसले. तोही शेजारी बसला, वर बघायला लागला. एक बाई येऊन बाजाराची बस कोणती म्हणून विचारायला लागली, तिला मी हातानंच थांबवलं. त्याची बोटं फिरत होती. मग थांबली.

"शेवटच्या स्टॉपला."

त्या बसच्या कपाळावर शेवटच्या स्टॉपचं नाव रोज असतं. अकरा वर्षं रोज वाचून आम्ही पाचव्यालाच उतरत होतो. दोन, केंद्र. त्याला कुठे जायचंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं, कारण मला ते माहीत होतं.

"काय आहे रे तिथे?"

"बस वळते." हे सांगताना त्याचे डोळे नुसते चमकत होते. "मोठं मैदान आहे. ड्रायव्हर... खाली उतरतात. पाय मोकळे करतात. मी पण केले."

मी हसले की रडले, त्या बाईला विचारा, ती अजून उभी होती. निवांतरावानं माझा हात धरला आणि मला उठवलं.

"रविवारी... तू पण चल," तो म्हणाला. "कंडक्टरनं विचारलं... की मी सांगेन. तू बोलू नकोस."